इंजिनाचा घुमट

मी आयुष्य ऑडिटमध्ये काढलं. त्यामुळे वस्तू हरवते यावर माझा विश्वास नाही. वस्तू कुणीतरी उचलतं. म्हणून गॅलरीतल्या माझ्या टेबलावरून इंजिनाचा घुमट नाहीसा झाला, तेव्हा माझा संशय सरळ बायकोवर गेला.

इंजिन म्हणजे विलायतेतल्या एका जुन्या वाफेच्या इंजिनाचं वीतभर मॉडेल. सुट्या भागांचा डबा आणायचा आणि घासून, सोल्डरचा डाग देऊन, रंगवून ते जोडत बसायचं. घुमट म्हणजे बॉयलरच्या पाठीवरचं पितळेचं टोपण, हरभऱ्याएवढं. तेवढं बसलं की इंजिन पुरं होणार होतं आणि दसऱ्याला मी ते बाबांच्या हातात देणार होतो. बाबा तरुणपणी वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. आता त्यांना जवळजवळ दिसत नाही. सकाळची देवपूजा तेवढी हाताच्या सवयीने करतात, आणि दिवसभर गप्प असतात. संध्याकाळी मात्र माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायचे, एकेक भाग बोटांनी चाचपायचे आणि मी विचारीन ते सांगत राहायचे.

बायकोला थिनरचा वास सोसत नाही. "भांडुपच्या एवढ्याशा घरात कारखाना कशाला?" हे ती पहिल्या दिवसापासून म्हणत आली होती. म्हणजे कारण होतं, संधीही होती. ती केर काढायला लागली की मी पेपरच्या आडून बघायचो. सुपलीतल्या केरावर लोहचुंबक फिरवून झालं, मग आठवलं की पितळ चुंबकाला चिकटत नाही. शेवटी केर चाळणीने चाळला.

"आता त्यात रवा चाळू का मी?" ती म्हणाली.

तिचा आवाज मला जरा जास्तच चढल्यासारखा वाटला. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं. बाबांनाही विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि रोजच्यासारखे येऊन बसले. बाकीचं काम उरलं नव्हतं, तरी मी त्यांना विचारत राहिलो, ते सांगत राहिले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बायकोने देव्हाऱ्यातलं सगळं पितळ चिंच लावून घासायला काढलं. थोड्या वेळाने ओल्या हाताने माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"घ्या. बाळकृष्णाच्या मागे होता. माझ्यावर पहारा ठेवत होतात ना?"

घुमटाला हळदकुंकू लागलं होतं. एरवी देवाला आमच्या घरात एकच माणूस हात लावतो. मी घुमट घेऊन बाबांकडे गेलो, त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो लगेच ओळखला.

"बाबा, हा देवात कसा?"

त्यांनी घुमटावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "ह्यो बसलो काय तू उठान जातलस. मगे माका कोण इचारतलो?"

बायको पदराला हात पुसत आत निघून गेली. मी घुमट परत बाळकृष्णाच्या मागे ठेवला. दसऱ्याला इंजिनाची पूजा झाली, ती घुमटाशिवायच.

परवा माझा बारीक चिमटा सापडेना. मी कुणालाच काही विचारलं नाही. खुर्ची ओढली आणि बाबांशेजारी जाऊन बसलो.