तात्यांचा फळा आणि सरोजिनीबाईंची पेन्सिल

आकाराम पोवार माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आले तेव्हा खुर्चीवर बसलेच नाहीत. मी तीनदा म्हटलं, बसा. ते खिडकीपर्यंत जायचे, परत यायचे, आणि उजव्या हाताचा अंगठा बोटावर घासत राहायचे. मला वाटलं, तंबाखूची सवय असेल. नंतर कळलं, तो हात खडू शोधत होता.

मंगळवार पेठेत त्यांना सगळे तात्या म्हणतात. उद्यमनगरात लेथ मशिनवर अडतीस वर्षं घालवलेला माणूस. आमच्याकडे पेठेच्या चौकात काळा फळा असतो आणि त्यावर कुणीतरी खडूनं चार ओळी लिहितं, हे बाहेरच्यांना सांगितलं की त्यांना गंमत वाटते. आम्हाला त्यात विशेष काही वाटत नाही. रस्ता कुणी उखडला, नगरसेवक कुठं गायब आहेत, कुणाच्या पोरानं कुस्ती मारली, सगळं तिथंच कळतं. तात्यांच्या चौकातला फळा एकतीस वर्षं तात्याच लिहीत होते. पहाटे साडेपाचला ओल्या फडक्यानं कालचं पुसायचं, आजचं लिहायचं. कालचा मजकूर उजाडल्यावर दिसता कामा नये, हा त्यांचा नियम, आणि त्या नियमानंच आम्हाला पुढं घोळात घातलं.

जानेवारीत पेठेतल्या नळांना घाण वासाचं पाणी यायला लागलं. फेब्रुवारीत तात्यांनी लिहिलं, "तीन आठवडे आमच्या नळाला गटार. साहेबांनी एक दिवस पावणं म्हणून यावं. चहा याच पाण्याचा करू." पेठ दिवसभर हसली. संध्याकाळी चाळीसेक बायका तेच पाणी बाटल्यांत भरून पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात साहेबांकडे घेऊन गेल्या, आरडाओरडा झाला, दाराची एक काच फुटली. दुसऱ्या दिवशी दुपारी पोलिसांची गाडी आली, भिंतीतले चार बोल्ट काढले आणि फळा उचलून नेला. जमावाला चिथावणी दिली, असं नोटिशीत होतं. सोबत एक हमीपत्र होतं: यापुढे प्रत्येक मजकूर आधी ठाण्यात दाखवीन, मगच लिहीन. सही केली की फळा परत मिळणार होता.

"सही कराय किती येळ लागतोय, वकीलबाई?" तात्या म्हणाले. "पर हातच उठंना."

खरं सांगते, मुंबईला खेटे घालावे लागले असते तर मीच त्यांना समजावून घरी पाठवलं असतं. पण आता हायकोर्टाचं सर्किट बेंच आमच्या गावात बसतं. म्हटलं, याचिका करू. लिहिण्या-बोलण्याचं स्वातंत्र्य घटनेनं दिलंय. लिहिण्याआधी ठाण्यात तपासून घ्या, ही अट पोलीस कशाच्या जोरावर घालतात, एवढाच प्रश्न विचारायचा.

प्रश्न सोपा होता, पुरावा नव्हता. लोकांच्या जबाबावरून पोलिसांनी लिहून ठेवलं होतं की फळ्यावर "साहेबांना धरून आणू" अशी धमकी होती. तात्या म्हणत होते, तसं नव्हतंच. मग होतं काय, ते दाखवा. गाडी आली त्या पहाटेच त्यांनी नियमाप्रमाणे फळा पुसला होता. पेठेत हजार मोबाईल, पण फोटो एकाकडेही नाही. रोज दिसणाऱ्या फळ्याचा फोटो कोण काढतं? माझं डोकं फिरायची वेळ आली.

चार दिवसांनी तात्या एक पिशवी घेऊन आले. आत जुन्या कॅलेंडरची पानं, पाठकोऱ्या बाजूनं लिहिलेली. तात्यांचा प्रत्येक मजकूर आधी या पानांवर उतरायचा आणि त्यांच्या पत्नीकडे जायचा. सरोजिनीबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. हातात पेन्सिल घेतल्याशिवाय त्या काही वाचत नाहीत. फेब्रुवारीचं पान मी उलटून वाचलं. तात्यांनी खरोखरच लिहिलं होतं, "आला न्हाईत तर धरून आणू." त्यावर पेन्सिलीची आडवी रेघ, आणि बाजूला बाईंच्या अक्षरात चहाची ओळ.

"हे द्यायचं नाही," मी म्हटलं.

"का? खरं हाय की."

"तात्या, धमकी तुमच्याच अक्षरात आहे. आणि तुम्ही मजकूर आधी कुणाला तरी दाखवता, हेही यातच दिसतंय. सरकारी वकिलांच्या हाती आयतं कोलीत मिळेल."

"मग फळ्यावर चहाचीच ओळ हुती, हे कशानं दाखवणार?"

दुसरा पुरावा नव्हताच. पान प्रतिज्ञापत्राला जोडलं, आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. आपण हरलो तर एक फळा जाईल एवढ्यावर भागणार नव्हतं. तेच हमीपत्र उद्या गावातल्या प्रत्येक चौकात फिरलं असतं, आणि त्याला कारण मी झाले असते.

तारखा पडत गेल्या. सरोजिनीबाई सांगायच्या, "पहाटे उठून चौकात जातात आन् त्या चार भोकांपुढं उभं ऱ्हातात. घरी आलं की फरशीवर बोटानं लिवत बसतात. मला बघवत न्हाय." पेठेतले लोक आधी पाठीशी होते, मग हळूहळू तोंड चुकवायला लागले. गणपती जवळ आला तसा मंडळाचा अध्यक्ष उदयसिंह तात्यांना घेऊनच माझ्याकडे आला.

"तात्या, सही करून टाका की," तो म्हणाला. "मिरवणुकीच्या परवान्याला गेलं की ठाण्यात आधी तुमचं काय झालं इचारत्यात. एका माणसापायी अख्ख्या पेठेचा गणपती अडकाय लागलाय."

तात्या अंगठा घासत खिडकीकडे गेले. मला उदयसिंहचा राग आला, आणि त्याचं अगदीच खोटं नाही म्हणून जास्त आला. जाताना तात्यांनी हमीपत्राचा कागद माझ्या टेबलावरून उचलून खिशात घातला. सुनावणीपर्यंतचे सहा दिवस तो कागद त्यांच्या खिशात होता, आणि मी रोज फोन करून सही केली का विचारत होते.

सुनावणीच्या दिवशी जे व्हायचं तेच झालं. सरकारी वकिलांनी कॅलेंडरचं पान वर धरलं. याचिकाकर्ते गेली कित्येक वर्षं मजकूर तपासून घेतात, ते म्हणाले. तपासणीमुळेच एक धमकी टळली, हे त्यांच्याच कागदावरून दिसतं. मग तीच तपासणी ठाण्यात झाली तर त्यांचं स्वातंत्र्य कसं जातं?

मी बोलायला उठले. घटना, जुने निकाल, सगळं पाठ होतं. पण न्यायमूर्तींनी हात वर केला आणि मराठीत विचारलं, "पोवार आले आहेत का?"

तात्या मागच्या बाकावरून उठले. गप्प बसायचं, असं मी त्यांना बजावून ठेवलं होतं. ते आधी माझ्याकडे बघत राहिले.

"घरी दाखवता, मग ठाण्यात दाखवायला काय हरकत आहे?" न्यायमूर्तींनी विचारलं.

तात्यांचा अंगठा थांबला. "साहेब, सरोजिनीनं खोडलं की मी तिच्याशी भांडतो. कधी तिचं खरं असतंय, ते ऐकतो. कधी न्हाई पटलं तर तिनं खोडलेलं बी मी फळ्यावर लिवलंय. मग चार दिवस ती बोलत न्हाय. पर ताटात भाकरी असती." त्यांनी खिशातला कागद काढला, उलगडला, परत घडी घातली. "ठाण्यातल्या साहेबांनी खोडलं आन् तरी मी लिवलं, तर मला काय मिळंल?"

मागं कुणीतरी हसलं. न्यायमूर्ती हसले नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं, आणि माझं ठरवलेलं अर्ध्या तासाचं भाषण मी चार मिनिटांत आटोपलं.

नऊ दिवसांनी निकाल आला. फळा होता त्याच जागी परत लावा. लिहिलेल्या मजकुरात गुन्हा दिसला तर कायद्यानं कारवाई करा, पण लिहिण्याआधी तो बघायला मागण्याचा अधिकार पोलिसांना नाही. हमीपत्र रद्द.

फळा बसला त्याच्या दुसऱ्या पहाटे मी साडेपाचला चौकात पोचले. उदयसिंह आणि पाच-सहा जण आधीच येऊन थांबले होते. तात्या आले, मागोमाग सरोजिनीबाई. दोघांची तोंडं फुगलेली. तात्यांच्या हातात कॅलेंडरचं पान होतं. त्यावर निकालाबद्दल आठ ओळी होत्या, एका ओळीत माझं नावही होतं, आणि आठही ओळींवर पेन्सिल फिरली होती.

"तुमचं नाव खोडलं हिनं," तात्या माझ्याकडे तक्रार करायला लागले. "तासभर भांडलो. ऐकंल तर शपथ."

"खोडणार न्हाय तर काय," बाई म्हणाल्या. "नळ सोडून बघा जावा. पाणी अजून तसंच हाय. आन् जिंकलो म्हणून काय लिवताय?"

तात्यांनी पान खिशात घातलं. कोरा फळाही त्यांनी आधी ओल्या फडक्यानं पुसून घेतला, आणि मग लिहिलं, "सात महिने आमच्या नळाला गटार. चहाचं निमंत्रण अजून आहे."