कोयत्याने कापलेली जाळी

सुनेच्या ऑफिसात हल्ली माणसांचे चार प्रकार शिकवतात. परवा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही यातले कुठले?"

म्हटलं, "मी पाचवा."

चौथीत शाळा सुटली माझी. पण चाळीस वर्षं आंबे काढले, माणसं काय कमी बघितली? एकाला ओळखायला मात्र चुकलो, तोही माझा जोडीदारच.

आम्ही दोघं हापूसच्या बागांत घळ चालवायचो. घळ म्हणजे लांब बांबू, टोकाला पातं नि सुतळीची जाळी. मी तोंडाचा नि हाताचा झपाट्याचा. तो मुका वाटावा असा. एकेक आंबा देठासकट, जपून उतरवायचा. एकदा बागवाल्यासमोर मी ओरडलो, "मेल्या, आंबे काढतोयस की त्यांच्याशी गजाली करतोयस?"

सगळे हसले. तो उतरला, घळ फांदीला टांगली नि घरी चालता झाला. मला वाटलं, माजलाय.

दोघांचे आंबे वेगवेगळ्या अढीत पिकत घालायचो. आठ दिवसांनी पेंढा काढला. त्याची अढी सोन्यासारखी. माझ्या निम्म्या आंब्यांचे देठ तुटलेले, चीक ओघळून सालीवर काळे डाग.

चूक कळली. पण माफी मागायला जीभ उचलेना. आजही उचलत नाही. आणि त्याच्याशिवाय झाडाखाली करमेना.

शेवटी त्याचीच घळ घेतली, जाळी कोयत्याने कापली नि त्याच्या पडवीत जाऊन उभा राहिलो.

"जाळी फाटलीय. तुझ्यासारखी विणायला कोणाला येते?"

त्याच्या बायकोने जाळी हातात घेतली. "भावजी, ही तर कोयत्यानं कापलेली दिसत्ये!"

मी खांबाकडे बघत राहिलो. दिवसाला चार शब्द न बोलणारा तो तेव्हा बोलला.

"गप गो. उंदरानी खाल्लीन."

आणि सुतळी घेऊन विणायला बसला.

दुसऱ्या दिवशी माझ्याआधी झाडाखाली हजर. पुढे वीस वर्षं बरोबर आंबे काढले. जाळीचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. आता तो राहिला नाही. त्याची ती घळ माझ्या माळ्यावर आहे, कोणाला हात लावू देत नाही.

सुनेला म्हटलं, मला नका शोधू तुमच्या चारांत. दुसऱ्याची लाज झाकायला उंदरावर आळ घेणारा माणूस कुठल्या प्रकारात बसतो, तेवढं विचारून ये.