गायकवाडांच्या डायरीतला कर्नल नंबर

आज मी एका माणसावर चारचौघांत निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. चूक माझी निघाली, म्हणून हेही चारचौघांत लिहिते आहे.

चाकणच्या एका कारखान्यातला लिनक्स सर्व्हर बंद पडला. पडताना त्यानं साठवलेली नोंद, म्हणजे क्रॅश डंप, तिथले देखभालीचे गायकवाड आमच्या चिंचवडच्या ऑफिसात पेन ड्राइव्हवर घेऊन आले. माझ्याकडे तो उघडेना. तो उघडायला सर्व्हरवर असलेल्याच आवृत्तीच्या कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, फाइल लागते; डंप आणि मी लावलेली फाइल जुळत नाहीत, असा एरर येत होता. मी लगेच कारखान्याच्या आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "गायकवाडांनी चुकीचा डंप आणला." त्यांचे साहेब मेमो काढायला निघाले.

गायकवाडांनी खिशातली डायरी पुढे केली. "कारखान्यात मोबाइल गेटवर ठेवावा लागतो, म्हणून कर्नलचा नंबर हातानं उतरवलाय. तुम्ही कुठला लावलात?"

मी नवा लावला होता.

"सर्व्हर अपडेट करायचा नाही, असं तुम्हीच बजावलं होतं ना, मॅडम? आम्ही ऐकलं."

जुन्या कर्नलची फाइल लावताच डंप उघडला. दोन फाइलींपैकी आधी आपली तपासावी, हे मला सुचलंच नाही. तुम्हाला सुचलं असतं?

संध्याकाळी गायकवाडांच्या हाती दिलं: पेन ड्राइव्ह, तपासणीचा अहवाल, आणि चूक माझी असल्याचं सही केलेलं पत्र, त्यांच्या साहेबांच्या नावे.