एडिटर बदलणार नाही!

एकाच खोलीत सहा माणसं दिवसभर कोड आणि टॅग लिहीत बसली, की किस्से साठवावे लागत नाहीत. धुळीसारखे आपोआप साठतात! आमचं ऑफिस बिबवेवाडीत, काम शाळेची पुस्तकं ई-बुक करण्याचं. निम्मे किस्से पुस्तकांची शेवटची तपासणी करणाऱ्या कांबळे मॅडमचे. त्या अजून तिथेच बसतात, कोड लिहायच्या त्याच जुन्या प्रोग्रॅमवर, म्हणजे एडिटरवर. बोला!

काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं, सगळं कीबोर्डवर. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मॅडम, तुमचा माउस कुठंय?"

"उंदीर पाळत नाही मी!"

*

मीही तो एडिटर वापरून पाहिला. त्यात प्रत्येक बटण म्हणजे एक हुकूम, हे मला कुठं ठाऊक! स्वतःचं नाव टाइप करायला गेलो, तर चार ओळी गायब.

"मॅडम, हा ऐकतच नाही."

"ऐकतोय. तुम्ही काय सांगताय ते बघा."

*

मग पाटील सर मॅनेजर म्हणून आले. त्यांचा मेल आला: सोमवारपासून सगळ्यांनी नवा एडिटर वापरायचा. रंगीत, पुढचे शब्द आपणहून सुचवणारा. आम्ही मुकाट 'ओके सर' लिहिलं. मॅडमनी लिहिलं, "माझ्या कामात चूक सापडली का? सापडल्यास बदलते."

सरांनी तो मेल थेट कॉम्प्युटर सपोर्टला पाठवला!

*

सोमवारी सपोर्टवाला आला. "मॅडम, तुमचा जुना एडिटर काढायला सांगितलंय."

"काढा की. फक्त एवढं लेखी द्या, की यापुढे पुस्तकं तुम्ही तपासणार."

तो चहा पिऊन गेला.

*

आता चौथीच्या भूगोलाचा किस्सा. पुस्तकाची फाइल चार वाजता क्लायंटकडे जायची होती. नव्या एडिटरमध्ये 'क्लीन' नावाचं बटण होतं. फायलीतली न दिसणारी चिन्हं ते पुसून टाकायचं. सरांनी ते स्वतः दाबलं. मॅडमनी फाइल ती चिन्हंही दाखवणाऱ्या आपल्या एडिटरमध्ये उघडली आणि म्हणाल्या, "मी तपासणीची सही करणार नाही."

"न दिसणारंच गेलंय ना?" सरांचा आवाज चढला. "तुमच्या हट्टापायी क्लायंट जाईल. मग तुम्हालाही जावं लागेल!"

आम्ही स्क्रीनमध्ये डोकी खुपसली. मॅडमनी आपली स्क्रीन सरांकडे वळवली.

"जाईन. आधी हे वाक्य मोठ्यानं वाचा."

"सह्याद्रीत खोल दर्या आहेत," सरांनी वाचलं. परत वाचलं. "'दऱ्या' हवं होतं. चिन्ह गेलं नि 'ऱ्या'चा 'र्या' झाला. पण एवढं बारीक वाचतंय कोण?"

"चौथीची मुलं, सर." मॅडमनी पेन पुढं केलं. "करा तुम्ही सही. मी शाळेला कळवते, सिंहगडाच्या सहलीला मुलांना पोहायचे कपडे घालून पाठवा!"