शेजाऱ्याची शिळा माझ्या भिंतीवर

संपादक महाशय,

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर पुराव्याअभावी फेटाळीत आलो. ठाण्याच्या कोर्टात उभी हयात वकिलीत गेली. ऐकीव साक्ष मी प्रत्यक्ष देवाचीही मानली नसती. म्हणूनच पुढील मजकूर माझ्या हातून लिहिला जावा, याचा मला प्रथम संताप येतो...

कल्याणात पारनाक्याजवळ माझे दुमजली घर आहे. शेजारच्या घरात एक नामांकित ग्रंथकार राहत असत. ते वारले, वारसांनी घर पाडून लाकूड विकले. आता तेथे गवत माजले आहे. गेल्या वैशाखात गावातील स्मारक मंडळींनी त्यांच्या नावाची संगमरवरी शिळा आणली आणि — मी ठाण्यास गेलो असता — माझ्या भिंतीत बसवली! म्हणे, ‘येथे राहून त्यांनी ग्रंथरचना केली.’ धडधडीत असत्य.

मी मंडळींचे चिटणीस बापूराव यांना गाठले.

“अहो वकीलसाहेब, शिळेला भिंत तर हवी ना?” ते हसले. “गवतात ठेवली तर काय गाई वाचणार? शिवाय पाहुण्यांची बग्गी तुमच्याच दारी वळते.”

“ही माझ्या मालमत्तेत घुसखोरी आहे.”

“घुसखोरी कसली? फुकटात घर प्रसिद्ध झालं!”

दुसऱ्या दिवशी दुपारी नोटीस लिहिण्यास माडीवर बसलो. दौत भरून आणावी म्हणून उठलो, तो... दार नव्हते. दाराच्या जागी चुन्याची सलग भिंत. हात फिरवला, फटदेखील नाही. खिडकीला गज. खाली बापूराव काही पाहुण्यांना शिळा दाखवीत होते. गज धरून मी जिवाच्या आकांताने ओरडलो. सर्वांनी वर पाहिले — आणि अत्यंत आदराने हात जोडले.

“ओरडू नका,” मागून कोणी म्हणाले. “मीही ओरडतो. ते नमस्कार करतात.”

हा आवाज मी अनेक वर्षे कुंपणापलीकडून ऐकला होता. मान वळवण्याचे धैर्य झाले नाही.

“माझं घर शेजारी होतं, वकीलसाहेब. इथं मला दार नाही. काही करता येईल?”

“करीन,” मी कसेबसे म्हणालो.

“अहो, किती हाका मारायच्या? पानं केव्हाची वाढलीत!”

पत्नी दारात उभी होती. दार जागेवर होते. खोलीत आम्हा दोघांखेरीज कोणी नव्हते.

नोटीस मी फाडली. नोटिशीचे उत्तर येण्यास महिने लागतात, आणि माणसास बेकायदा कोंडून ठेवणे घटकाभरही चालू देता येत नाही. त्याच दिवशी गवंडी बोलावून शिळा उपटवली व शेजारच्या मोकळ्या जागेत रोवली.

मंडळींनी माझ्यावर फिर्याद ठोकली आहे. स्नेही म्हणतात, उष्म्याने भोवळ आली असेल. बापूराव तर शपथेवर सांगतात की खिडकी रिकामी होती, नमस्कार त्यांनी ग्रंथकारांच्या माडीला केला. उलगडा मजपाशी नाही. तो कोणापाशी असल्यास कळवावा.

शिळा मीच काढवली, हे मी कोर्टात कबूल करणार. कोणाच्या सांगण्यावरून, असे विचारले तर अशिलाचे नाव सांगणे भाग आहे. ते शिळेवर कोरलेले आहे.