बँकेला सोमवार नाही

आमच्याकडे सोमवारी बैल जुंपत नसत. बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा वार. आम्ही लिंगायत, धंदा गाडीवानीचा. वैरागहून सोलापूरच्या गिरणीला कापसाच्या गठाणी आणायच्या. बैल आपल्याला सहा दिवस पोसतो, सातवा दिवस त्याचा, असं अप्पांचं साधं गणित होतं. एका वर्षी गुरांत बुळकांडीची साथ आली आणि पंधरवड्यात आठातले सहा बैल गेले. आमची आई, अव्वा, रिकाम्या दावणीपाशी बसून राहायची. चूल पेटवायचंही तिच्या ध्यानात राहत नसे.

त्यातच गिरणीच्या साहेबाचा निरोप आला. यापुढं माल रोज पोचला पाहिजे, रोज म्हणजे रोज, जमत नसेल तर दुसरा माणूस बघतो. मी अप्पांना घेऊन बँकेत गेलो. तिथले मॅनेजर आमच्या गाड्या वर्षानुवर्षं खिडकीतून बघत आलेले. तारण काय देता, हे विचारायच्या आधी त्यांनी बैल कशानं गेले ते विचारलं. मग मालमोटारीला कर्ज दिलं, मोटार बँकेकडेच गहाण ठेवून. आम्हाला वाटलं, सुटलो.

कुठलं काय! मोटार आली, अव्वानं तिला विभूती लावली, नारळ फोडला, आणि पहिल्याच सोमवारी अप्पांनी चावी कनवटीला खोचली. बैलाच्या जागी आली म्हणजे तिलाही सोमवार हाय, म्हणाले. मी तोंडाला येईल ते बोललो. लोखंडाला कसला वार? काम गेलं की बँक मोटार नेईल, मग सगळे मिळून त्याच गिरणीच्या दारात हमाली करू. बापाला बोलू नये तेही बोललो. अप्पा भिंतीकडे तोंड करून बसले. मला रडू आवरेना, रागाचं की भीतीचं, देव जाणे.

मोटारीवर ठेवलेल्या ड्रायव्हरनं बँकेत जाऊन सांगितलं असावं. मॅनेजर चालत आले आणि अप्पांच्या समोर जमिनीवरच बसले. वाद घातला नाही.

"अप्पा, मोटार गहाण आहे ना? मग सहा दिवस ती तुमची. सोमवारी बँकेची. बँकेला सोमवार नाही."

अप्पांनी कनवटीची चावी काढून दिली. मॅनेजर रजा टाकून स्वतः ड्रायव्हरशेजारी बसले आणि वैरागला जाऊन गठाणी घेऊन आले. असला नियम जगात कुठल्या बँकेत नसेल. वरच्यांना कळतं तर त्यांची नोकरीच जायची.

पुढं दर सोमवारी अप्पा सकाळीच बँकेच्या दारात चावी पोचवायचे आणि ड्रायव्हर ती तिथून घ्यायचा. एका मोटारीच्या तीन झाल्या, तिन्हींना कर्ज त्याच मॅनेजरांनी दिलं. मग ते निवृत्त होऊन गावी गेले. बँकेतला नवा साहेब वाईट नव्हता. अभिनंदन करत म्हणाला, कर्ज फिटलं, मोटारी आता सर्वस्वी तुमच्या, आणि चाव्या अप्पांच्या हातात ठेवल्या.

अप्पांनी हात जोडले. "थोडं तरी कर्ज ऱ्हाऊ द्या की, साहेब."

साहेब हसला. आम्ही घरी आलो तर गिरणीचा माणूस, सोमवारचा माल अजून का नाही, असं दोनदा विचारून गेला होता. अप्पांच्या हातातल्या चाव्या मी काढून घेतल्या आणि ड्रायव्हरांना दिल्या. त्यांनी मला अडवलं नाही. पण त्यानंतर मरेपर्यंत सोमवारी ते माझ्याशी बोलले नाहीत.