सात समित्यांची रिंगणं

जगदेव ग्रामसेवकाला तीन वर्षं झाली, तरी कायम केल्याचा हुकूम निघत नव्हता. चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीत वरच्या कचेरीतून कागद आला. गावात एकाहून अधिक समित्यांवर कोण कोण आहे, महिनाअखेरपर्यंत कळवा. माहिती अचूक आली तरच हुकमाचा विचार होईल.

गावात सात समित्या. जगदेवनं प्रत्येकीतल्या प्रत्येक माणसाची वेगळी चिठ्ठी केली. वर नाव, खाली समिती. मग एकशे बारा चिठ्ठ्यांमधून दोन समित्या असलेली चिठ्ठी शोधली. एकही निघाली नाही. त्यानं ‘निरंक’ असं कळवलं.

उलट टपाली खुलासा मागितला गेला.

“चिठ्ठीले काय इचारता साहेब,” महिला मंडळाच्या चतुराबाई म्हणाल्या, “मानसाले इचारा.”

गुरुवारी सकाळी त्यानं शाळेच्या पटांगणावर चुन्यानं सात रिंगणं आखली आणि सातही समित्यांना एकाच वेळी आपापल्या रिंगणात बसायला सांगितलं. ज्याला दुसऱ्या रिंगणासाठी उठावं लागेल, त्याचं नाव लिहायचं.

आधी पंजाबराव उठले. ते सातही समित्यांवर होते. पाण्याच्या रिंगणातून शाळेच्या, तिथून देवळाच्या, दरेक ठिकाणी ‘हजर’ म्हणत ते पळू लागले. त्यांच्यामागे आणखी अकरा जण. जगदेवनं एकच नाव चारदा लिहिलं आणि तिघांची सुटली.

तिसऱ्या फेरीत पंजाबराव मैदानाच्या मधोमध बसले.

“आता मी हालत नाही. रिंगनं इकडं आन.”

“रिंगणं कशी आणू, काका?”

“काहून? म्हाताऱ्याले पयवता येते, चुन्याले सरकवता येत नाही?”

“काढा हो,” चतुराबाई म्हणाल्या. “बुढा मेला तं सात जागा खाली होतीन.”

जगदेवनं जुनी रिंगणं पायानं पुसली. नवी अशी काढली, की सातही पंजाबरावांना आत घेऊन एकमेकांवर चढली. आता कुणाला उठायची गरज उरली नाही. जो जितक्या रेघांच्या आत, तितक्या समित्या. जगदेवनं बसल्या जागी मोजून बारा नावं लिहिली.

“अन् तू रे?” पंजाबराव म्हणाले. “सातांचा सचिव कोन हाय?”

जगदेव त्यांच्या पाठीला पाठ लावून बसला आणि तेरावं नाव लिहिलं.

दुपारच्या एसटीनं तो कचेरीत पोचला. बाबूनं यादी परत केली. छापील नमुन्यात एका नावापुढं एकच समिती बसत होती. दरेक समितीसाठी नवा नमुना भरायचा होता. जगदेवनं एकोणचाळीस नमुने भरले. बाबूनं एकेक उचलून पाहिला.

“यात दोन समित्या कोणाकडंच नाहीत. तुमचं निरंकच बरोबर होतं. खुलासा उगाच मागितला गेला.”

माहिती अचूक, असा शेरा पडला. हुकूम तिथंच टाइप झाला.

संध्याकाळी जगदेव गावात उतरला. पटांगण रिकामं होतं. मधोमध पंजाबराव तसेच बसले होते.

“किती निघाले?”

“कोणीच नाही, काका.”

पंजाबरावांनी आपल्याभोवतीच्या सात रेघांकडे पाहिलं.

“मंग उठू का मी?”